चार्जिंगचे तापणारे जोड : प्रस्तावना

अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाणाऱ्या जाड वायरीला हात लावला आणि चटका बसला, तर गॅरेजमध्ये तीन उत्तरं तयार असतात. अल्टरनेटर जास्त चार्ज मारतोय. वायर बारीक पडतेय. बॅटरी खाली बसलीय. तिन्ही उत्तरं कधी ना कधी खरी ठरतात, म्हणून ती टिकून आहेत. पण तापलेली जागा थोडं थांबून पाहिली, तर बहुतेक वेळा वायर सगळ्या लांबीभर तापलेली नसते. तापलेलं असतं तिचं एक टोक. थिंबलाजवळचं, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीजवळचं, प्लास्टिक तपकिरी पडून कडक झालेलं असतं, नट निळसर दिसतो, आणि वीतभर पुढे हात नेला की तीच वायर गार लागते. दोन्ही जागांतून करंट तेवढाच वाहतो. मग एक जागा भाजते आणि दुसरी गार राहते, हे कसं? हा प्रश्न ज्याला पडतो आणि पडल्यावर जो तो सोडत नाही, त्याच्यासाठी हे पुस्तक आहे.

पुस्तकातली टिपणं कुपवाड, मिरज, सांगली या पट्ट्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या माणसांकडून आलेली आहेत. सांगली-मिरज-कुपवाड अशी एकत्र महापालिका १९९८ साली झाली. पण कुपवाडची ओळख तिथल्या एमआयडीसीवरून. फाउंड्र्या, मशिन शॉप, शीतगृहं आणि या सगळ्यांचा माल उचलणारी वाहनं. इथे दुरुस्तीला येणारी गाडी हौसेने फिरणारी क्वचितच असते. बेदाण्याच्या पेट्या नेणारी पिकअप, कास्टिंग भरलेला टेम्पो, जत-कवठेमहांकाळच्या बाजूला वडाप करणारी जीप, उसाचा ट्रॅक्टर. अशी गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते. त्यामुळे दोष लवकर सापडावा आणि पुन्हा उद्भवू नये, एवढीच मालकाची मागणी असते. ती रास्त आहे, आणि तिला पुरं पडेल असं लेखन मराठीत फार थोडं आहे. ही माणसं बोलत गेली, मी लिहून घेतलं, मीटर लावून तपासलं, आणि जे तपासात टिकलं ते इथे ठेवलं.

विषयात नवीन असलेल्यांसाठी आधी मुळापासून सुरुवात करतो.

धातूचे दोन पृष्ठभाग नटबोल्टने घट्ट आवळले की ते एकमेकांना सगळीकडून चिकटले, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. कितीही गुळगुळीत केलेला धातू सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीतच असतो आणि दोन पृष्ठभाग फक्त त्यांच्या उंचवट्यांवर एकमेकांना टेकतात. दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या मानाने ही खरी टेकण्याची जागा अगदी थोडी असते, आणि सगळा करंट त्या इवल्याशा ठिपक्यांतून वाट काढतो. या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने केला. बर्लिनमध्ये सीमेन्स कंपनीत काम करताना त्याने विद्युत जोडांचं शास्त्र उभं केलं. त्याचा मूळ जर्मन ग्रंथ १९४१ साली आला आणि आजही या विषयावरची जागतिक परिषद त्याच्याच नावाने भरते. होल्मने दाखवलं की जोडाचा रोध मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: दाब किती आहे, धातू किती मऊ आहे, आणि मध्ये गंजाचा किंवा ऑक्साइडचा पापुद्रा किती आहे. नट आवळल्यावर उंचवटे दबतात, ठिपके पसरतात, रोध उतरतो. नट सैल झाला की ठिपके कमी होतात आणि उरलेल्या ठिपक्यांवर भार वाढतो. तांब्यावर कथलाची कल्हई का करतात, हेही यातूनच कळतं. कथील मऊ असल्यामुळे दाबाखाली ते पसरतं आणि टेकण्याची जागा वाढवतं.

आता हिशेब. करंटमुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूलने १८४०च्या सुमारास दाखवून दिलं. समजा, अल्टरनेटर ६० अँपिअर देतोय आणि एका सैल जोडाचा रोध ओहमचा शंभरावा भाग, म्हणजे ०.०१ ओहम आहे. त्या जोडावर ०.६ व्होल्ट पडतात. १४ व्होल्टमध्ये ०.६ म्हणजे किरकोळ, असं कुणालाही वाटेल. पण ६० गुणिले ०.६ म्हणजे ३६ वॅट, आणि हे सगळे वॅट एका नटाएवढ्या जागेत उष्णता होऊन बाहेर पडतात. डाग मारायचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ ते ३५ वॅटचं असतं. म्हणजे त्या नटाखाली कुणीतरी चालू सोल्डरिंग आयर्न दाबून धरलंय आणि गाडी जतपर्यंत निघाली आहे. हा एक हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का बसला, त्याचा अर्धा अभ्यास झाला असं मी मानतो.

पुढचा भाग जास्त गंभीर आहे. जोड तापला की धातू प्रसरण पावतो, इंजिन बंद झाल्यावर आकसतो. या रोजच्या फुगण्या-आकसण्याने नटाची पकड ढिली होते. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइड लवकर धरतं. मुळात तांब्याचा रोधसुद्धा तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की रोध वाढतो. सुरुवातीला महिनोन् महिने काहीच जाणवत नाही आणि शेवटचे काही दिवस सगळं भराभर बिघडतं. स्प्रिंगसारखी पकड असलेली चपटी कनेक्टरं तर एकदा तापली की त्यांच्या पातीतला ताठपणाच जातो. अशी पाती पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवली तर चार दिवस चालते, नंतर पुन्हा तापते. ती बदलावीच लागते.

आणि फ्यूज? सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. फ्यूज उडाला नाही म्हणजे वायरिंग ठीक आहे, असं मालक म्हणतो आणि कित्येक मेकॅनिकही म्हणतात. फ्यूज पाहतो तो करंट. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट वाहिला तरच तो वितळतो. तापलेल्या जोडातून जास्त करंट वाहत नसतो. उलट रोध वाढल्याने तो थोडा कमीच होतो. १०० अँपिअरचा फ्यूज शांत बसलेला असतो आणि त्याच्याच बुडाशी असलेल्या सैल नटाने फ्यूजबॉक्सचं प्लास्टिक वितळत असतं. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीच्या टर्मिनलवरच नटाने आवळलेला मोठा फ्यूजबॉक्स असतो, तिथे ही गोष्ट पाहायला मिळते. अशा वेळी कुणी १००चा काढून मोठा फ्यूज टाकला तर मूळ दोष तसाच राहतो आणि खऱ्या शॉर्ट सर्किटपासून जे संरक्षण होतं तेही कमी होतं.

हा दोष गाड्यांमध्ये आला कसा आणि वाढला कसा, ते पाहायला थोडं मागे जावं लागेल. जुन्या गाड्यांना डायनामो असे. त्याची ताकद वीस-बावीस अँपिअरच्या आसपास, इंजिन हळू चालत असेल तर चार्जिंग जवळजवळ नाहीच, आणि बाजूला कटआउट आणि रेग्युलेटरची डबी. त्या डबीतले पॉइंट घासून साफ करणं हेच तेव्हाच्या कारागिराचं मुख्य कौशल्य होतं. जोड तेव्हाही सैल होत, पण वीस अँपिअरला सैल जोड जेवढा तापतो त्याच्या नऊपट तो साठ अँपिअरला तापतो. म्हणजे डायनामोच्या काळात जे खपून जात होतं, ते पुढे खपेनासं झालं.

सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि टिकाऊ झाल्यावर अल्टरनेटर आला. अमेरिकेत क्रायस्लरने १९६०च्या मॉडेलपासून तो गाडीत द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ साली मद्रासला निघाली, आणि पुढच्या काळात डायनामोची जागा हळूहळू अल्टरनेटरने घेतली. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि जपानी पद्धतीची, कनेक्टरांनी जोडलेली वायरिंग गावोगावच्या गॅरेजपर्यंत पोचली. यंत्र बदललं, पण हाताच्या सवयी तितक्या झपाट्याने बदलल्या नाहीत. डायनामो चालतोय का हे पाहायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची जुनी रीत होती. इंजिन चालत राहिलं तर डायनामो बरा. अल्टरनेटरवर हीच रीत वापरली की बॅटरीचा आधार अचानक सुटतो आणि बारा व्होल्टच्या यंत्रणेत क्षणभर ८०-१०० व्होल्टपर्यंतचा झटका उसळू शकतो. डायोड जातात, रेग्युलेटर जातो, आणि आजच्या गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएमही जाऊ शकतो. सैल जोड रस्त्यावरच्या खड्ड्यांत क्षणभर सुटतो तेव्हाही हेच घडू शकतं, फक्त कुणाच्या लक्षात येत नाही. वारंवार डायोड जाणाऱ्या गाडीत आधी बॅटरीचा आणि अल्टरनेटरचा जोड तपासा, हा आग्रह या पुस्तकात ठिकठिकाणी आहे. तो त्यामुळेच.

जुन्या जीप आणि ट्रॅक्टर यांचा एक खास दोष इथे सांगायला हवा. त्यांच्या डॅशबोर्डवर अँपिअरचा काटा असतो, आणि तो दाखवण्यासाठी चार्जिंगचा सगळा करंट इंजिनापासून डॅशपर्यंत येतो, मीटरच्या पाठीमागच्या दोन स्टडमधून जातो आणि परत बॅटरीकडे वळतो. म्हणजे चालकाच्या गुडघ्यासमोर, धुळीत, हादऱ्यात, दोन नटांवर गाडीचा सगळा भार. जुना कमी अँपिअरचा अल्टरनेटर काढून दुप्पट ताकदीचा बसवला आणि वायरिंग तेच ठेवलं, की या दोन नटांवरची उष्णता चौपट होते. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर हे मी वारंवार पाहिलं आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवर जादा दिवे चढतात, रंगीत एलईडीच्या माळा चढतात, मोठे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर चढतात. रात्रभराच्या वाटेत जाग राहावी म्हणून चालक ते लावतात. त्यांच्या जागी असतो तर मीही लावले असते. पण ॲम्प्लिफायरची वायर बहुधा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ती तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा जास्त तापते आणि नटाखाली हळूहळू दबत जाऊन सैल पडते. त्या वायरीचं टोक सोलून, थिंबल न लावता, अँपिअर मीटरच्या मागच्या नटालाच गुंडाळलेलं असतं. मोसमाच्या मध्यावर मीटरचा स्टड बॉडीसकट वितळतो आणि मीटर खराब निघालं म्हणून नवं मीटर टाकलं जातं.

दोष शोधण्याच्या पद्धतींची या धंद्यात अक्षरशः घराणी आहेत. सगळ्यात जुनं घराणं हाताचं आणि नाकाचं. जळक्या प्लास्टिकचा वास, नटावरचा निळा रंग, थिंबलाजवळ कडक झालेलं आवरण: अनुभवी कारागीर बॉनेट उघडताच जागा सांगतो. या ज्ञानाला मी मनापासून मान देतो, पण ते जळल्यानंतरच कामाला येतं. दुसरं घराणं टेस्ट लॅम्पचं. बल्ब लागला म्हणजे करंट येतोय. बल्बला अर्धा अँपिअर पुरतो. साठ अँपिअर नेताना जो जोड कोसळतो, तोच अर्धा अँपिअर आरामात नेतो आणि बल्ब झगझगीत पेटतो. तुटलेली वायर शोधायला टेस्ट लॅम्प उत्तम, तापणारा जोड शोधायला निरुपयोगी. मीटर ओहमवर लावून जोड तपासणारेही त्याच फसगतीत सापडतात. ०.०१ ओहम हा आकडा गॅरेजच्या मीटरच्या आवाक्यात नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो.

तिसरं घराणं आज सगळ्यात मोठं आहे, आणि त्याच्याविषयी मी स्पष्ट लिहितो. ‘बदलून बघू’ हे ते घराणं. आधी बॅटरी बदलायची, नाही जमलं तर अल्टरनेटर, मग रेग्युलेटर. एखादा भाग बदलताना नट काढून पुन्हा आवळला जातो, जोड आपोआप थोडा सुधारतो आणि गाडी काही आठवडे बरी चालते. मग सगळ्यांचीच खात्री पटते की भागच खराब होता. काढलेला अल्टरनेटर भंगारात जातो, आणि तो बहुतेक वेळा चांगला असतो. हे पैसे जातात ते पिकअपवर हप्ते फेडणाऱ्या माणसाच्या खिशातून.

चौथं घराणं व्होल्टेज ड्रॉप मोजणाऱ्यांचं. या पुस्तकाचा कल उघडपणे त्यांच्याकडे आहे. रीत सोपी आहे. इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर ठेवायचं, हेडलाइट, ब्लोअर, असेल ते सगळं चालू करायचं, म्हणजे करंट वाहू लागतो. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक अल्टरनेटरच्या बी-प्लस, म्हणजे चार्जिंगची वायर निघते त्या स्टडला आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबाला लावायचं. खांबालाच, वर बसवलेल्या क्लॅम्पला लावलं तर खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला जोड तपासातून निसटतो. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत आकडा आला तर वाट ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी दोष आहे. मग एकेक जोड ओलांडत पुढे सरकायचं. ज्या जोडाच्या अलीकडून पलीकडे जाताना आकडा एकदम खाली येतो, तो गुन्हेगार. हेच सगळं पुन्हा निगेटिव्हच्या बाजूला करायचं, अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत. अर्थच्या बाजूला तपास न करणं ही या धंद्यातली सर्रास चूक आहे, आणि इंजिन ते चॅसीच्या अर्थच्या पट्टीखाली रंग, ग्रीस, गंज सगळं साठलेलं असतं.

पाचवं घराणं नव्याने आलं आहे, उष्णता लांबून मोजणाऱ्या गनचं. उपयोगी साधन आहे, पण चकाकत्या धातूवर ती खोटा, बराच कमी आकडा दाखवते. त्या जागेवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्याचं तापमान मोजावं. एवढी साधी गोष्ट साधनाच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते आणि कुणी वाचत नाही.

एक उदाहरण जवळून दाखवतो, म्हणजे या घराण्यांमधला फरक कळेल. बेदाणा वाहणारी एक पिकअप कुपवाडला आली. बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, तरी सकाळी स्टार्टर ओढत नव्हता. आधीच्या ठिकाणी टेस्ट लॅम्प लावून पाहिला होता आणि तो लागला होता. इंजिन चालू करून भार टाकला. बी-प्लस स्टडवर १४.६ व्होल्ट. बॅटरीच्या खांबांवर १३.१. दीड व्होल्ट मधल्यामध्ये गायब. क्लॅम्प मीटरने करंट पाहिला तर ४० अँपिअर. दीड गुणिले चाळीस, म्हणजे साठ वॅट कुठेतरी नुसती उष्णता होत होती. निगेटिव्हची बाजू मोजली, ती निर्दोष. पॉझिटिव्हवर एकेक पाऊल मागे येत गेलो तर सगळा ड्रॉप अल्टरनेटरच्याच स्टडवर सापडला. बॅटरीचा निगेटिव्ह काढून नट खोलला. नवा अल्टरनेटर बसवताना कुणीतरी थिंबलाच्या खाली लोखंडी वॉशर टाकला होता. म्हणजे करंटला तांब्याकडून तांब्याकडे जाताना मध्ये लोखंड ओलांडावं लागत होतं, आणि लोखंडाचा रोध तांब्याच्या कितीतरी पट. वॉशर निळा पडला होता. वायर ज्या थिंबलात होती ते पक्कडने चेपलेलं, ओढल्यावर तारा हलत होत्या. वायरीचं काळं पडलेलं टोक चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापलं, कल्हईचं थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबलं, थिंबल सरळ स्टडच्या बुडावर बसवून वॉशर वर घेतला आणि नट मापाने आवळला. पुन्हा मोजलं तेव्हा ड्रॉप ०.१५ व्होल्ट. लागलेलं सामान म्हणजे एक थिंबल आणि वीतभर वायर.

थिंबल डाग मारून बसवावं की दाबून, हा या धंद्यातला जुना वाद. डाग मारणाऱ्यांचं म्हणणं, कथील आत गेलं की हवा जात नाही आणि गंज धरत नाही. दाबणारे म्हणतात, योग्य प्रेसने दाबलं की तारा आणि थिंबल यांच्यात धातूला धातू असा घट्ट जोड बसतो आणि हवेला जागाच उरत नाही. माझं मत दाबणाऱ्यांच्या बाजूने आहे. डाग मारताना कथील तारांमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे लवचीक वायर एकदम ताठ होते. इंजिनाच्या हादऱ्याने ती नेमकी तिथेच तुटते. शिवाय जोड फार तापला तर साध्या कथलाचा डाग १८०-१९० अंशांच्या आसपास मऊ पडतो. पण पक्कडने चेपलेल्या थिंबलापेक्षा चांगला मारलेला डाग केव्हाही बरा, हेही तितकंच खरं. ज्याच्याकडे प्रेस नाही त्याने डाग मारावा आणि वायर थिंबलापासून थोड्या अंतरावर क्लॅम्पने बांधून टाकावी.

आमच्या भागात हा विषय तातडीचा झाला तो पुरामुळे. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली; धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी शहरात आलं. बुडालेल्या गाड्या बाहेर काढून इंजिनं धुतली गेली, ऑइल बदललं गेलं, सीटा वाळवल्या गेल्या. वायरिंग वरून कोरडं दिसत होतं म्हणून तसंच राहिलं. पाणी मात्र थिंबलाच्या तोंडातून शिरून तारांच्या फटींतून आवरणाखाली वर चढलेलं होतं, गाळासकट. पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने, त्या गाड्या चार्जिंगची तक्रार घेऊन यायला लागल्या. वायर सोलली की आत तांबं काळंठिक्कर, कुठे हिरवी भुकटी. अशा वायरीला नवं थिंबल लावून काहीही साधत नाही. काळ्या तारांवर दाबलेलं थिंबल पहिल्या दिवसापासून तापतं. पूरग्रस्त गाडीचं चार्जिंग वायरिंग कसं तपासावं, कुठवर कापावं आणि केव्हा सगळी केबलच बदलावी, यावरचा भाग या पुस्तकात सगळ्यात मोठा झाला आहे. तो तसा होऊ दिला. कृष्णा-वारणेच्या काठी राहणाऱ्यांना तो लागणार आहे.

नव्या गाड्यांनी हा विषय आणखी पुढे नेला. १ एप्रिल २०२०पासून बीएस-सहा लागू झालं आणि गाडीतला विजेचा पसारा वाढला. अल्टरनेटर आता कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो: गती कमी करताना जास्त चार्ज, चढावर कमी. त्यामुळे व्होल्टेज १२.५ दिसलं म्हणून अल्टरनेटर खराब ठरवणं किंवा १४.८ दिसलं म्हणून ओव्हरचार्ज म्हणणं, दोन्ही घाईचं. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर बसवलेला सेन्सर करंट मोजत असतो; कुणी ॲम्प्लिफायरची किंवा जादा दिव्यांची अर्थ थेट खांबाला जोडली की तो करंट सेन्सरच्या हिशेबात येत नाही आणि चार्जिंग चुकतं. २०१५पासून मारुतीच्या काही गाड्यांत अल्टरनेटरच स्टार्टरचंही काम करू लागला आहे. तिथल्या केबलींतून जाणारा करंट मोठा असतो आणि जोडाला माफी नसते.

विजेवर चालणाऱ्या गाड्या तर आता तालुक्याच्या गावीही दिसतात. त्यांच्या मालकांची एक तक्रार नेहमीची आहे: घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावलेला चार्जरचा प्लग तापतो, कधी सॉकेट पिवळं पडतं. तशाच सॉकेटवर गीझर अर्धा तास चालतो. गाडी रात्रभर जवळजवळ तेवढाच करंट घेत राहते. ढिल्या पातीच्या सॉकेटमध्ये दहा तासांत जे होतं, तेच पिकअपच्या बी-प्लस नटावर होतं. म्हणून मुख्य विषयाला सोडून थोडी पानं त्यालाही दिली आहेत.

असं लेखन मराठीत व्हावं याचं मला विशेष अगत्य आहे, आणि त्याची मुळं आमच्याच जिल्ह्यात आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२० साली तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्यात तयार होणाऱ्या अवजारांची माहिती मराठीतून द्यावी, असं तेव्हा कुणाला तरी वाटलं. आज आयटीआयमधून शिकून बाहेर पडणारा मुलगा गॅरेजला लागतो तेव्हा त्याच्या हाती पुस्तकं असतात ती बहुधा इंग्रजी, आणि गॅरेजमधली भाषा तिसरीच. या पुस्तकात थिंबल, कटआउट, अर्थ, स्टड हेच शब्द ठेवले आहेत, कारण ज्याने काम करायचं त्याच्या तोंडात तेच आहेत. आकडे मात्र पक्के दिले आहेत. ‘थोडं जास्त’, ‘बऱ्यापैकी घट्ट’ असं कुठेही येऊ नये यासाठी टिपणं पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागली.

पुस्तकाची रचना दोषाच्या जागेनुसार आहे, गाडीच्या कंपनीनुसार नाही. अल्टरनेटरचा स्टड, वाटेतले कनेक्टर, अँपिअर मीटर, फ्यूजबॉक्स, बॅटरीचे खांब, अर्थची पट्टी. ज्याच्या पुढ्यात गाडी उभी आहे त्याने पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. तापलेली जागा शोधून तिथून सुरुवात करावी. नवशिक्याने मात्र व्होल्टेज ड्रॉपचा भाग आधी वाचावा आणि एखाद्या चांगल्या, निर्दोष गाडीवर सगळी मापं घेऊन वहीत लिहून ठेवावीत. चांगला जोड मीटरवर कसा दिसतो हे माहीत नसेल तर वाईट जोड ओळखता येणार नाही.

दोन सूचना इथेच देऊन ठेवतो. अल्टरनेटरच्या स्टडवर इंजिन बंद असतानाही बॅटरीचा पूर्ण ताण असतो. नटाला पाना लावण्यापूर्वी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. पाना एकदा बॉडीला टेकला तर हातातली अंगठीसुद्धा लाल होते, म्हणून अंगठी आणि कडं आधी काढून ठेवावं. आणि विजेच्या किंवा मोठ्या हायब्रिड गाडीत नारिंगी आवरणाच्या केबली दिसल्या तर तिथे या पुस्तकाच्या आधाराने काहीही करू नये. त्यांच्यात शेकडो व्होल्टचा डीसी असतो, त्या कामाचं प्रशिक्षण वेगळं, हातमोजे वेगळे आणि मीटरही वेगळा. तो भाग आम्ही जाणूनबुजून बाहेर ठेवला आहे.